मेंढ्यांच्या पुढं चालणारी बाई

ता. २८ सप्टेंबर. आज सोपानदादाच्या मेंढ्यांची कातरणी. राजूरपासून चार किलोमीटरवर आमचं शेत आहे. कातरणारे दोघं भाऊ सकाळी सातलाच येऊन बसलेत. दादा मेंढी धरून आणतो, मी पाय बांधते, ते कातरतात. कात्री कुठं कातड्याला लागली तर जखमेवर औषध लावायचं काम माझं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तेवीस वर्षं काढलीत, तेवढं येतं. कातरणारे चहाला थांबले की मी हे लिहायला बसते. कागदाला लोकरीचा वास लागला असेल तर संपादकांनी चालवून घ्यावं.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी मागितलंय ते नोकरीतल्या अनुभवांबद्दल. भोकरदन तालुक्यातल्या गाई-म्हशींना किती सुया टोचल्या ते लिहायला माझी हरकत नाही, पण वाचणाऱ्याची दिवाळी त्यातच जाईल. लोक मला खोदून विचारतात ते दुसऱ्याच कामाबद्दल. त्याला पगार नव्हता. त्या कामासाठी मी चार वेळा, दर वेळी तीन-तीन महिने, पॅलेस्टाईनमध्ये जाऊन राहिले. पाचव्यांदा जाता येत नाही.

सुरुवात अगदी साधी झाली. स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या वर्षी मी पुण्यातल्या एका शिबिराला गेले. हात न उगारता भांडण कसं थोपवायचं, ते शिकवणारं शिबिर. मी गेले ती चारा छावणीतल्या मारामाऱ्यांना कंटाळून. तिथं एका पाहुण्यानं सांगितलं की पॅलेस्टाईनच्या डोंगरात मेंढपाळांना रानात जाऊ देत नाहीत. वेगवेगळ्या देशांतली माणसं त्यांच्यासोबत चालायला येतात, पण त्यांच्यातल्या कोणालाही मेंढी कळत नाही. मी हात वर केला. तो खाली घेईपर्यंत माझं नाव लिहून झालं होतं.

घरी सांगितलं. दादा म्हणाला,

"मेंढरामागून सुटावी म्हणून बापानं तुला शिकवली. अन् तू इमानात बसून मेंढरामागंच चालली?"

"हो."

"पगार?"

"न्हाई."

"मंग काम काय तिथं?"

"उभं राह्यचं."

दादानं कपाळाला हात लावला. "उभं राह्याला इथं जागा न्हाई का, सुमे?"

गंमत सोडली तर काम तेवढंच आहे. हेब्रॉन शहराच्या दक्षिणेला उघडे डोंगर आहेत. आमच्या भोकरदनच्या वर अजिंठ्याचे डोंगर लागतात, तसेच, फक्त दगड पांढरे. तिथं पॅलेस्टिनी मेंढपाळांच्या दहा-दहा, वीस-वीस घरांच्या वाड्यावस्त्या आहेत. घरं म्हणजे तंबू, पत्रे आणि जुन्या गुहा. हा सगळा मुलूख इस्रायली लष्कराच्या ताब्यात आहे. पक्कं बांधायची परवानगी मिळत नाही, आणि बांधलं तर पाडतात. शेजारच्या टेकडीवर वसाहतवाले, म्हणजे इस्रायली नागरिक, येऊन राहतात आणि हळूहळू म्हणतात, हा उतार आमचा, तो ओढा आमचा. मेंढपाळ एकटा रानात गेला तर दगड खातो, नाहीतर हाकलला जातो. सोबत परदेशी माणूस कॅमेरा घेऊन उभा असला तर बहुतेक वेळा तेच लोक जरा लांबून बोलतात. आमचा उपयोग एवढाच. शेतातल्या बुजगावण्यापेक्षा फार जास्त नाही. पण बुजगावणं लागतं म्हणूनच लोक ते उभं करतात.

नियम थोडे होते. हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, वाद घालायचा नाही. जे दिसेल ते टिपून ठेवायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की काय करायचं ते त्या गावचे लोक ठरवतील. थांबायचं म्हणाले तर थांबायचं, निघायचं म्हणाले तर निघायचं. रान त्यांचं, मेंढ्या त्यांच्या, धोकाही त्यांचाच. आपण तीन महिन्यांनी घरी जाणार.

माझी जोडीदार नोरा. आयर्लंडची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, गुडघे दुखणारे, जीभ तिखट. माझा पासपोर्ट बघून तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "सुमन, सैनिक आले की आधी माझा दाखवू. तुझ्या पासपोर्टाला वजन कमी आहे." खोटं नव्हतं. पण माझ्या पासपोर्टाचा वेगळाच परिणाम व्हायचा. इस्रायली पोरं लष्करातली नोकरी संपली की भारतात फिरायला येतात. एकदा एका अधिकाऱ्यानं आमचे कागद तपासताना मला एकदम हात जोडले.

"नमस्ते! मी गोव्याला दोन महिने होतो. फार शांत लोक तुम्ही."

"मी गोवा पाहिलेला नाही," मी म्हटलं.

तो खरंच ओशाळला. मग त्यानं आम्हाला पंधरा मिनिटांत रान सोडायला सांगितलं. लष्करानं हा भाग बंद केलाय असा कागद त्याच्याकडं होता. तसल्या कागदांवर मी बऱ्याच जणांच्या सह्या पाहिल्या. तो हसतमुखानं देणारा तेवढा एकच.

आता उम्म यूसुफ. तिकडं बाईला मोठ्या मुलाच्या नावानं हाक मारतात, म्हणून यूसुफची आई, उम्म यूसुफ. वय सत्तरीचं, अंग काटक. ऐंशी मेंढ्या. तिच्या मेंढ्यांची शेपूट चरबीनं थापीसारखी रुंद असते आणि तोंडं तांबडी. आमच्या काळ्या मेंढ्या तिला मी फोनवर दाखवल्या तर म्हणाली, जळाल्यात का? तिचं बोलणं मी आमच्या बोलीतच लिहिते, कारण माझ्या कानाला ते तसंच ऐकू यायचं. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना निजामाच्या कृपेनं साबण, कुर्सी, दुनिया, खलास असे बरेच शब्द आधीच येत होते. बाकीचं काम हातवारे आणि मेंढ्या करायच्या. पहिल्या आठवड्यात तिच्या एका मेंढीच्या पोटात कोकरू आडवं आलं. हात न लावण्याचा नियम मी तिथं मोडला नाही. तिनं माझा हात धरून नेला, म्हणजे ठरवलं तिनंच. कोकरू जगलं. त्या दिवसापासून तिच्या चुलीपाशी माझी जागा ठरली. चहात ती कसलासा खरखरीत पाला घालायची. मला तो आवडायचा नाही. आता तो वास मी घरात शोधते.

रोज रानात जाताना मात्र आमचं एका गोष्टीवरून जमत नव्हतं. आमच्याकडं मेंढक्या कळपाच्या मागं चालतो. मागून हाकतो, मागून राखतो. माझा बाप आयुष्यभर मेंढ्यांची पाठ बघत चालला. उम्म यूसुफ पुढं चालायची. पुढं चालायची, घशातून 'त्र्र-हा, त्र्र-हा' असा आवाज काढायची, आणि ऐंशी मेंढ्या तिच्या मागं. मागं वळून बघायची नाही.

"एखादी राह्यली तर?" मी विचारलं.

"मी मागं बघितलं तर सगळ्याच राह्यत्यात. बाईला शंका आली म्हणत्यात अन् थांबत्यात."

मी हसले. मला ते मेंढीपेक्षा माणसाचं शहाणपण वाटलं. चौथ्या खेपेपर्यंत मला ते पाठ होतं, आणि तरीही पायात नव्हतं.

माझ्या हातून चूक झाली ती त्याच खेपेच्या मार्चमध्ये. आपल्याकडं मार्चमध्ये रान करपतं. तिथं तेव्हाच काय तो डोंगर हिरवा असतो. त्या महिनाभराच्या गवतावर मेंढ्यांचं दूध, आणि त्या दुधावर घराचं वर्षभराचं पनीर. उम्म यूसुफचा उतार गावाच्या पश्चिमेला होता. खाली मातीचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडं वसाहतवाल्यांनी नवीन पेरलेलं रान. रस्ता ओलांडायचा नाही हे मेंढ्यांनाही माहीत झालं होतं.

नऊच्या सुमारास वसाहतीकडून एक ड्रोन आलं. लग्नात फोटो काढायला आणतात तसलं. ते सरळ कळपाच्या डोक्यावर आलं आणि खाली-वर करायला लागलं. मेंढ्या फुटल्या. उम्म यूसुफ पुढं होती. ती जागची हलली नाही. दगडावर उभी राहून तिनं तिची हाक सुरू केली. न घाबरता, रोजच्यासारखी. पुढच्या दहा-बारा मेंढ्या तिच्याकडं वळल्याही.

मी मागं होते. माझ्या डोळ्यांसमोर चाळीसेक मेंढ्या उताराला लागलेल्या. तेव्हा मी पॅलेस्टाईनमध्ये नव्हतेच. मी आमच्या माळावर होते आणि मेंढरं कोणाच्या तरी ज्वारीत चालली होती. मी दोन्ही हात पसरले, बापाची हाक दिली, 'हिर्रे हिर्रे', आणि त्यांना वळवायला मागून धावले.

आमची मेंढी असती तर वळली असती. तिथल्या मेंढीला मागून धावत येणारा म्हणजे लांडगा. त्या सरळ खाली सुटल्या, रस्ता ओलांडून त्या पेरलेल्या रानात. मी थांबले तेव्हा माझे हात अजून पसरलेलेच होते. नोरा वरून कॅमेऱ्यात घेत होती. ते तिचं काम होतं आणि ती ते चोख करायची.

पोलिसांची जीप यायला दहा मिनिटं लागली. मेंढ्या उम्म यूसुफच्या सुनेनं परत आणल्या. उम्म यूसुफला घेऊन गेले. दुसऱ्याच्या रानात मुद्दाम जनावरं घातल्याचा आरोप.

पोलीस ठाण्याबाहेर आम्ही चार तास बसलो. दुपारी गावाच्या वकिलाचा फोन आला. उम्म यूसुफनं स्वतःच्या नावानं लिहून दिलं होतं, 'मेंढ्या मीच नेल्या.' आता तिला तीस दिवस त्या उतारावर जायला बंदी लागेल, बाकी सोडतील.

"पण तिनं नेल्या नाहीत," मी म्हटलं.

"चित्रण आहे का?"

होतं. त्यात उम्म यूसुफ दगडावर उभी राहून मेंढ्यांना बोलावताना दिसत होती, आणि मी हात पसरून त्यांना खाली हाकलताना. ते दिलं तर तिच्यावर काही राहत नव्हतं. माझ्यावर सगळं येत होतं. वकिलानं स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला देशाबाहेर काढतील. परत येऊ देणार नाहीत."

नोरानं कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. "नियम तुला माहीत आहे. ते ठरवतात. तिनं ठरवलंय."

"तीस दिवसांत गवत वाळेल."

"तेही तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, सुमन."

मी आत जाऊन कार्ड दिलं. यात मोठेपणा नव्हता. चूक माझी होती आणि ती दुसऱ्याच्या नावावर मला बघवत नव्हती, एवढंच. आवराआवर करायची माझी सवय आहे. भांडं आपल्या हातून लवंडलं की आपणच पुसायचं. त्या घाईत मी एक गोष्ट विचारली नाही. तिला काय हवंय?

संध्याकाळच्या आत तिला सोडलं. बंदी लागली नाही. मला दुसऱ्या खोलीत नेत होते, तेव्हा पडवीत आम्ही समोरासमोर आलो. मला वाटलं होतं ती माझा हात धरेल. ती रागानं माझ्या वाटेत उभी राहिली.

"तीस दिसांनी मी माघारी आले असते," ती म्हणाली. "तू येशील का?"

सोबतच्या पोलिसानं विचारलं, ती काय म्हणाली. मी सांगितलं, मला अरबी येत नाही.

मला दहा वर्षांची प्रवेशबंदी लागली. ती उठेल तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन, आणि उम्म यूसुफ ऐंशीच्या पुढं.

त्या वर्षी तिच्या मेंढ्यांना गवत मिळालं. दूध आलं, पनीर झालं. सुनेनं फोटो पाठवला. मी बरोबर केलं असं मला लोक सांगतात. मी त्यांना अडवत नाही. पण पुढच्या मार्चमध्ये त्या उतारावर माझ्या जागी कोणी नव्हतं, आणि त्याच्या पुढच्या मार्चमध्येही. लढाई सुरू झाल्यावर तर बाहेरची माणसं पोचणंच अवघड झालं. नोराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आता घरीच असते. सुनेच्या फोनवरून उम्म यूसुफ मला आवाजाचे निरोप पाठवते. राग उतरायला तिला एक वर्ष लागलं. त्यानंतरचा पहिला निरोप होता, "काळ्या मेंढ्या कशा हायेत?" मागच्या महिन्यातला सगळ्यात छोटा. आधी घंटांचा आवाज, मग तिची ती हाक, आणि शेवटी, "आज कोणी आलं न्हाई. मी आल्ते." ऐंशी मेंढ्यांपैकी आता तीसच उरल्यात असं सून सांगते.

तो निरोप मी किती वेळा ऐकला ते सांगत नाही. मी हळवी बाई नाही. पण दुपारी भांडी घासताना मला त्या उताराचा चढ पोटऱ्यांत जाणवतो. कुठल्या दगडाशी वळायचं, कुठं नोरा बसायला मागायची, कुठं वारा लागायचा. आपल्या घरी, आपल्या भाषेत, आपल्या मेंढ्यांत बसून परक्या डोंगराची ओढ लागावी, याला काय म्हणावं?

हे एवढं लिहून झालं आणि दादानं हाक मारली. एका मेंढीच्या खांद्याला कात्री लागली होती. औषधाच्या पेटीत मी हात घालायच्या आधी त्यानंच घातला आणि मलमाच्या खालून एक कागद काढला.

"हे काय?"

"फॉर्म हाय. ठेव."

मला तिकडं पाठवणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाकडून तीन आठवड्यांपूर्वी आलेला फॉर्म. अंकुशनगरची शीतल नावाची मुलगी, वय सत्तावीस, नर्स. वडील साखर कारखान्यात. तिला तिकडं जायचंय. ती पोचेल अशी वाट आहे, आणि तिथं नेमकी माणसं नाहीत. गटानं मला विचारलंय, तुमच्याच जिल्ह्यातली आहे, भेटून मत कळवा. मी भेटले होते. जालन्याच्या बसस्थानकावर दोन तास बोललो. चांगली आहे. कमी बोलते, वेळेवर येते, रडत नाही.

"मंग दे की लिहून," दादा म्हणाला.

"इचार करून राह्यले."

"तीन हप्ते? पोरगी बराबर न्हाई का?"

"बराबर हाय."

"घरचे न्हाई म्हणून राह्यले का?"

"न्हाई."

दादानं मेंढीचा खांदा माझ्यापुढं धरला. मी औषध लावलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "सुमे, बंदी तुला हाय. त्या लेकराला कशाला लावती?"

कातरणाऱ्यांपैकी धाकट्याला काही कळलं नव्हतं, पण त्यानंही कात्री थांबवली. मी म्हटलं, "तुम्ही कातरा." मग गोठ्यामागं जाऊन शीतलला फोन लावला.

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं जालन्याला, तिथून राजूर. बूट घालून ये."

"मुलाखत आहे का मॅडम?"

"मेंढ्या आहेत."

ता. २९. शीतल साडेनऊला आली. कातरलेल्या मेंढ्या उघड्याबोडक्या आणि चिडलेल्या असतात, ओळखीच्या माणसालाही ऐकत नाहीत. दादाला मी सांगितलं, तू आज मागं यायचं नाही. तो बांधावर बसला आणि तोंडावर उपरणं धरून हसायला लागला. शीतलला मी हाक शिकवली, 'त्र्र-हा'. तिला ती नीट जमली नाही; कोणालाच पहिल्या दिवशी जमत नाही. म्हटलं, कळपाच्या पुढं उभी राहा आणि ओढ्याकडं चालत सुट. मागं बघायचं नाही.

"आल्या नाहीत तर?"

"बघितलंस तर नाहीच येणार."

दहा पावलांवर तिनं वळून बघितलं. मेंढ्या थांबल्या. पंधरा पावलांवर पुन्हा बघितलं, पुन्हा थांबल्या. बांधावरून दादा ओरडला, "ओ सिस्टर, त्या काय पेशंट हायेत का सारखं बघायला?" ती हसली नाही. पदरासारखी ओढणी कमरेला खोचली, मान ताठ केली आणि निघाली. आमच्या मेंढ्यांना आयुष्यात कोणी असं बोलावलं नव्हतं. आधी एक म्हातारी मेंढी निघाली, तिच्यामागं चार, मग बाकीच्या.

मी सगळ्यात मागं होते. ओढ्याच्या अलीकडं शेजाऱ्यांचं सोयाबीन आहे. डावीकडच्या पाच-सहा मेंढ्यांनी तिकडं तोंड वळवलं. माझी जीभ टाळूला लागली, बापाची हाक घशाशी आली. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तोंड मिटून उभी राहिले. समोर शीतल चालतच होती. ती हाक देत राहिली, वेडीवाकडी. सोयाबीनच्या काठावर मेंढ्या घुटमळल्या, दोन-चार शेंगा ओरबाडल्या, आणि वळून तिच्यामागं गेल्या.

घरी येऊन हात धुतले आणि फॉर्म भरला. 'उमेदवाराबद्दल तुमचं मत' असा मोठा रकाना होता. त्यात एवढंच लिहिलं: मागं बघत नाही. खाली सही केली आणि तो शीतलच्याच हाती राजूरच्या पोस्टात टाकायला दिला.